सांगोल्याची बाई, आर्वीचा सातबारा

आर्वी तालुक्यात वावराचा सौदा पानठेल्यावर सुरू होतो आणि दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या टायपिस्टच्या टेबलावर संपतो. या दोन्ही जागी बाई सहसा दिसत नाही, बाहेरून आलेली बाई तर नाहीच. माझं माहेर आणि सासर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात. माझ्या यजमानांना वर्धा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून नोकरी लागली म्हणून २०११ साली आम्ही इकडे आलो. आज आर्वी, पुलगाव, देवळी या पट्ट्यात शेतजमीन आणि प्लॉटच्या व्यवहारांत मध्यस्थ म्हणून माझं काम चालतं. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, एजंट नोंदणी माझ्या नावावर आहे. लग्न होऊन किंवा नोकरीपायी इकडे आलेल्या मुली मला विचारतात, की ताई, इथल्या लोकांनी तुमच्या हाती जमिनीचे कागद दिलेच कसे? त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही गावात राहिलो. तालुक्यातले बरेच शिक्षक आर्वीत किंवा पुलगावात खोली करतात आणि रोज अपडाउन करतात. मुलांच्या शाळा, दवाखाना, सगळं तिथं, त्यामुळे त्यांची चूक नाही. आम्हाला मात्र शाळेजवळच एका घराची मागची दोन खणं भाड्यानं मिळाली आणि आम्ही तिथंच बस्तान मांडलं. गावाला त्याचंही फारसं अप्रूप नव्हतं. पश्चिमेकडून आलेला मास्तर आंतरजिल्हा बदलीची यादी लागेपर्यंत थांबतो आणि मग सामान बांधतो, हे त्यांनी अनेकदा बघितलेलं. घरमालकीण काकू पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तुमी काय बाई, आज हाये, उद्या नाई. तुमचा जीव तिकडंच." त्या प्रेमानंच बोलल्या होत्या. पण उद्या जाणाऱ्या माणसाला कोणी घरातलं भांडण सांगत नाही, आणि जमीन म्हटली की घरातलं भांडण आलंच.

पुढं बदलीचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघांनी रात्रभर बोलून ठरवलं, की अर्ज करायचा नाही. मुलगी इथल्या अंगणवाडीत रमली होती, मास्तरांचा वर्ग चांगला चालला होता, आणि मला इथली माणसं आवडली होती. ती बातमी आम्ही कोणाला सांगितली नाही, तरी दोन दिवसांत गावभर झाली. त्यानंतर माणसं माझ्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागली, हे मला स्पष्ट आठवतं.

तोवर मी बचत गटाचा हिशेब लिहीत होते. मी बीकॉम झालेली, आणि गटाच्या अध्यक्षांना बँकेतला फॉर्म भरताना घाम फुटायचा. महिन्याची बैठक, वर्गणी, अंतर्गत कर्ज, व्याज, सगळं मी वहीत लिहायचे आणि प्रत्येकीला तिच्यापुढंच वाचून दाखवायचे. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जायची सवय लागली. तुकडोजी महाराजांचं मोझरी वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यात, इथून फार लांब नाही, आणि या भागात प्रार्थना हा अनेक गावांच्या दिवसाचाच भाग आहे. प्रार्थना संपली की बायका तिथंच बसून बोलायच्या. कोणाची सून आजारी, कोणाची विहीर आटली, कोणाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद पेटला. मी ऐकायचे. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला आंबील खायला बोलावणी यायची, आणि आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी मी डबे भरभरून वाटायचे.

माझे वडील सांगोल्याकडे तलाठी होते. गाव नमुना सहा, सात, आठ-अ, बारा ही नावं मी लहानपणापासून ऐकलेली. त्यांच्या दप्तराला नवी कव्हरं घालायचं काम आम्हा बहिणींचं असायचं. त्यामुळे सातबारा हातात आला की माझी नजर आधी इतर हक्काच्या रकान्यावर जाते. बोजा, कूळ, वहिवाट, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळं तिथं दडलेलं असतं. पण इकडचे कागद वाचताना मलाही पुन्हा शाळेत बसावं लागलं. वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला, मालगुजारीचा मुलूख. नदी ओलांडली की वऱ्हाड, तिथली पद्धत निराळी. इथं गावोगाव निस्तार पत्रक आहे, वाजिब-उल-अर्ज आहे. गुरं कुठून जाणार, सरपण कुठलं, मसणवट कोणती, हे त्यात लिहिलेलं असतं. आमच्याकडे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही ती १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नं. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात तेच बंधन कलम ८९ मध्ये आहे. मी फोनवर वडिलांना एकेक वाचून दाखवायचे. निस्तार पत्रक ऐकून ते म्हणाले, "हे मी नुसतं पुस्तकात बघितलंय. तू नीट शिकून घे."

शिकायला गाठ पडली समृद्धी महामार्गाची. २०१६-१७ च्या सुमारास थेट खरेदीनं जमिनी घ्यायला सुरुवात झाली. महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, विरुळला इंटरचेंज आहे. मोबदला मोठा होता आणि ज्यांची नावं सातबाऱ्यावर, त्या सगळ्यांच्या सह्या लागणार होत्या. इतकी वर्षं ज्यांनी फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, बघितला नव्हता त्यांना एकाएकी तो बघावा लागला.

एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर एक काकाजी थांबले. धोतराच्या घडीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यात घडीवर घडी घातलेला सातबारा. "बाई, हे पाहून द्या बरं. तलाठी मंते तुमच्या बहिनी लागतीन." मी घरी नेऊन कंदिलाएवढ्या उजेडात (वीज गेली होती) जुने फेरफार बघितले. वडील वारल्यावर वारस म्हणून दोन्ही भावांचीच नावं लागली होती, त्यात मोठ्याच्या नावापुढं ए.कु.क., म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. चार बहिणींचा पत्ताच नव्हता. मी कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर वंशावळ काढली. आजोबा, वडील, मग सहा जण, त्यातली एक बहीण वारलेली, तिची तीन मुलं. काकाजी त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या मनात बहिणींना फसवायचं अजिबात नव्हतं. त्यांना कोणी कधी असं मांडून दाखवलंच नव्हतं.

बहिणी हिंगणघाट, यवतमाळ, धामणगाव अशा विखुरलेल्या. काकाजींच्या फोनवरून मीच बोलले. तिघींपैकी दोघी लगेच म्हणाल्या, भाऊ म्हणेल तिथं सही करू. धामणगावची बहीण मात्र गप्प झाली आणि मग म्हणाली, "मले पैशाची आशा नाई. पन मले इचारलं पायजे होतं." मी काकाजींना तसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः धामणगावला गेले. सगळे माहेरी जमले, जेवणं झाली, रडारड झाली, आणि भावांनी आपण होऊन बहिणींचा आणि भाच्यांचा वाटा ठरवला. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. त्यासाठी वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. आमच्या गावात ते त्याआधीच चुलीपाशी बसून मिटलं होतं.

या कामाचे मी पैसे घेतले नाहीत, तेव्हा ते काम आहे असं मला वाटतही नव्हतं. पण मग दर रविवारी समाजमंदिरात माणसं सातबारे घेऊन यायला लागली. मी वाचून सांगायचे. कोणाच्या सातबाऱ्यावर कधीच फेडलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कोणाचं क्षेत्र आठ-अ च्या खातेउताऱ्याशी जुळत नाही, कोणाच्या नावात चूक. कुठला अर्ज तलाठ्याकडे, कुठला तहसीलला, कुठला भूमी अभिलेखला, हे कागदावर लिहून द्यायचे. जिथं मला कळत नसे तिथं मी आर्वीच्या एका वकीलबाईंना फोन लावायचे.

त्याच काळात पाण्याचं काम आलं. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत, २०१७ च्या वॉटर कपमध्ये, आर्वी तालुका होता. आमच्याच तालुक्यातल्या काकडदऱ्यानं त्या वर्षी राज्यात पहिला नंबर मिळवला. कोलाम आदिवासींचं छोटंसं गाव, पण सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं. आमचं गावही उतरलं होतं. एप्रिल-मेमधलं वर्धा जिल्ह्याचं ऊन ज्यानं सोसलं त्यालाच माहीत. पहाटे टिकास-फावडी घेऊन निघायचं, सलग समतल चर खणायचे, ऊन चढलं की परत. मी त्या दोन महिन्यांत गावाचं सगळं शिवार पायी फिरले. कोणता नाला कुठून वळतो, कुठल्या वावरात पावसाळ्यात पाणी साचून पऱ्हाटी पिवळी पडते, कुठली विहीर उन्हाळ्यात टिकते, कोणत्या चढावर मुरूम हाताभरावर लागतो, हे मला गावातल्या म्हाताऱ्यांनी चर खणता खणता दाखवलं. आजही गिऱ्हाईकाला वावर दाखवताना माझ्या तोंडी जे येतं ते त्या उन्हाळ्यातलं आहे. कुठल्याही नकाशावर ते सापडत नाही. आणि ज्यांच्या शेजारी उभं राहून मी माती उपसली, त्यांना माझ्याबद्दल काही सांगावं लागलं नाही.

धंदा म्हणून पहिला व्यवहार माझ्याकडे आपल्या पायांनी आला. आर्वीला मुलाकडे राहायला गेलेल्या एका निवृत्त कंपाउंडरांनी गावातलं अडीच एकर काढायचं ठरवलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईक तुमीच पहा. दुसऱ्या कोनाले सांगाचं नाई." गावातल्याच एका तरुण जोडप्याला जमीन हवी होती, तो मक्त्यानं दुसऱ्याचं वाहत होता. सौदा जमला. खरेदीखत झाल्यावर कंपाउंडर काकांनी पाकीट पुढं केलं. मी आधी नको म्हटलं, तेव्हा ते रागावले. "फुकटचं काम असलं तं उद्या तुमाले हक्कानं कसं इचारू?" त्यांचं बोलणं मला पटलं. तेव्हापासून मी मोबदला घेते, दोन्हीकडून ठरवून, आणि खरेदीखताची नोंद झाल्यावरच. इसारातून पैसे काढत नाही. रविवारचं कागदवाचन मात्र फुकटच ठेवलं, ते आजही फुकट आहे, आणि त्या बैठकीत मी कोणाला कधी 'विकायचंय का' असं विचारत नाही. कोणी स्वतःहून विषय काढलाच, तरी त्याला दुसऱ्या दिवशी घरी यायला सांगते.

सांगोल्याला कळलं तेव्हा सासूबाई नाराज झाल्या. मास्तराच्या बायकोनं दलाली करावी हे त्यांना रुचलं नाही. मास्तरांनी आपल्या कार्यालयाला लेखी कळवून टाकलं की पत्नी असा व्यवसाय करते, आणि आईला म्हणाले, ती लोकांचे कागद वाचते, त्यात लाजण्यासारखं काय. रेरा कायद्यानुसार नोंदणी झालेल्या प्रकल्पातले प्लॉट किंवा घरं विकायची तर एजंटाची नोंदणी लागते. एकट्या व्यक्तीसाठी तिची फी दहा हजार. साध्या शेतजमिनीच्या खरेदी-विक्रीला ती लागत नाही, पण मी ती काढली, कारण पुलगाव-वर्ध्याकडच्या मंजूर लेआउटची कामं मिळायला लागली होती. पुढं २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, तीही दिली.

आता ज्या गोष्टीमुळे माझं काम इतरांहून वेगळं झालं ती सांगते. वावर विकायचंय असं घरचा पुरुष येऊन सांगतो. ओसरीवर बसून बोलणी होतात. मी चहा झाल्यावर कप उचलून आत जाते. आत त्या घरची बाई असते, आणि तिला बऱ्याचदा अर्धवटच माहीत असतं. तिच्याशी बोलल्याशिवाय मी कुठलंही वावर हातात घेत नाही.

एकदा कार्तिकात एक भाऊ आले. चार एकर, एकच तुकडा, रस्त्याला लागून. भाव त्यांनी फारच खाली सांगितला आणि घाई केली. मी आत गेले. वहिनी परातीत पीठ मळत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. मी पाटावर बसले, शेंगा निवडायला घेतल्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मले नका इचारू जी, मी बोलली तं घरात वाद होते." मग हळूहळू निघालं. मुलीच्या लग्नाला एका माणसाकडून पैसे घेतलेले, महिन्याला शेकडा पाच व्याज, सोयाबीन पावसानं गेलं, आणि तो माणूस आता म्हणत होता की वावरच लिहून दे. मी बाहेर येऊन भाऊंना म्हटलं, वहिनींना इथं ओसरीवर बसवा, मग बोलू. ते अवघडले, पण त्यांनी हाक मारली.

त्या दिवशी आम्ही तिघांनी कागदावर सगळं मांडलं. किती देणं खरं, किती व्याजाचं. परवाना नसलेल्या माणसानं सावकारी करणं हा गुन्हा आहे, आणि सावकारानं कर्जापोटी जमीन बळकावली असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते, पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहाराबाबत. हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांना तक्रार करायची नव्हती, सोयरिकीतला माणूस होता. पण कायदा आहे एवढं त्या माणसाच्या कानावर गेल्यावर तो मुद्दलावर आला. शेवटी रस्त्याकडचा एक एकर विकला, तोही त्यांनी सांगितला होता त्याहून पुष्कळ चांगल्या भावात. तुकडेबंदीचा प्रश्न आला नाही, कारण एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि जिरायतीला प्रमाणभूत, म्हणजे विकता येणारं किमान, क्षेत्र २० गुंठे आहे. बाकीचे तीन एकर घरात राहिले. माझा मोबदला चौथाईवर आला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या हंगामात वहिनींनी त्यांच्या माहेरची दोन माणसं माझ्याकडे पाठवली.

सगळ्यात अवघड प्रसंग माझ्या माहेरच्या माणसांवरून आला. सांगोला हा डाळिंबाचा तालुका. तिकडच्या बागायतदारांना इकडची काळी जमीन स्वस्त वाटते, आणि मी इथं आहे म्हटल्यावर फोन सुरू झाले. कायद्यानं त्यांना अडचण नाही, महाराष्ट्रात कुठंही शेतकरी असल्याचा पुरावा चालतो. पण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक जण उभा राहून म्हणाला, की या बाईनं तिकडचे लोक आणून गाव विकायला काढलंय. सभेत शांतता पसरली. मला वाईट वाटलं, पण त्या माणसाची भीती खोटी नव्हती. बाहेरचा मालक तारेचं कुंपण घालतो, पांदण बंद करतो, मागच्या चार वावरांची बैलबंडी अडते, आणि मग तहसीलदारापुढं वर्षानुवर्षं तारखा चालतात. मी तिथंच उठून सांगितलं, की माझ्या हातून बाहेरच्या माणसाला वावर गेलं तर वहिवाटीचा रस्ता खरेदीखतात चतुःसीमेसह लिहिला जाईल, आणि गावात जो मक्त्यानं करत असेल त्याला आधी विचारलं जाईल. ग्रामसेवकांना मी ते इतिवृत्तात लिहायला लावलं.

ते पाळणं सोपं गेलं नाही. माझ्या चुलत मामांनीच एका वावरात रस्ता लिहून द्यायला नकार दिला, आणि मी तो सौदा सोडला. मामा वर्षभर बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या एका सांगोलेकर कुटुंबानं सगळं मान्य केलं, ते इथं घर करून राहिले, संत्र्याची बाग लावली, गावातल्याच माणसांना कामाला घेतलं. सभेत उभा राहिलेला तो माणूस आज त्यांच्या बागेला रोपं पुरवतो.

महामार्ग सुरू झाल्यावर, नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तेव्हा, इंटरचेंजच्या भोवती प्लॉटवाल्यांची गर्दी झाली. त्यातल्या एका मोठ्या पार्टीनं मला बोलावलं. दीड हजार फुटांचे प्लॉट, रंगीत नकाशा, प्रत्येक प्लॉटमागं मला भरघोस रक्कम. मी अकृषक, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा, आदेश मागितला, तो नव्हता. मंजूर लेआउट नव्हता, महारेरा क्रमांक नव्हता. बाँडवर नोटरी करून देऊ, सातबारा एकत्र राहील, म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी गावातली चार पोरं एजंट म्हणून धरली आणि महिनाभर मला सगळ्यांच्या बोलण्यात ऐकून घ्यावं लागलं, की ही पोरांच्या पोटावर पाय देते. मी रविवारच्या बैठकीत फळ्यावर तीन ओळी लिहिल्या: अकृषक आदेश दाखवा, मंजूर नकाशा दाखवा, महारेरा क्रमांक दाखवा. कोणाचं नाव घेतलं नाही. बरेच जण थांबले. काहींनी तरीही पैसे भरले. त्यांच्या हाती आज नोटरीचा कागद आहे, सातबाऱ्यावर नाव नाही. ती माणसंही आता माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्यासोबत तहसीलला जाते. त्यांच्या कष्टाचा पैसा आहे, तो सुटावा असं मनापासून वाटतं.

या जिल्ह्यात जमीन घेणाऱ्यानं काही कागद हमखास बघावेत, म्हणून इथं सांगते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असेल तर ती परवानगी कोणाची लागते ते आधी शोधा. पवनारला विनोबांचा आश्रम आहे, भूदानात मिळालेल्या जमिनी या भागात आहेत, त्यांचं हस्तांतर सहजासहजी होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ च्या परवानगीशिवाय घेताच येत नाही, आणि ते रास्तच आहे, मी अशा सौद्यांत पडत नाही. तिसरी गोष्ट झुडपी जंगल. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीवर ही नोंद आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात ती वनजमीन मानली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना त्यात मार्ग ठेवला आहे, पण नंतरच्यांची छाननी कडक आहे. नुसता चालू सातबारा बघून भागत नाही, मागचे फेरफार आणि निस्तार पत्रक काढा.

२०१९ मध्ये आम्ही गावठाणालगत जागा घेऊन घर बांधलं. पाया खणायला गुरुदेव मंडळाची माणसं आपणहून आली. भाड्याच्या घराच्या काकूंनी वास्तूच्या दिवशी दारात रांगोळी काढली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "आमची बाई हाये, आता जात नाई."

२०२५ च्या एप्रिलपासून 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर सुरू झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. आमच्या गावात आजोबा-पणजोबांच्या नावावर राहिलेले कितीतरी सातबारे निघाले. तलाठी एकटा, त्याच्याकडे गावं अनेक. बचत गटातल्या दोन मुलींना मी वंशावळ काढायला, मृत्यूचे दाखले जमवायला शिकवलं आणि त्या घरोघर फिरल्या. बहिणींची नावं सुटणार नाहीत याकडे त्यांनीच जास्त लक्ष दिलं. काही भावांनी कुरकुर केली, पण लावली. नोटिशीनंतर हरकतीचे पंधरा दिवस उलटले की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात, तेवढा वेळ त्या दोघी रोज महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर नोंद बघायच्या.

त्यातली एक आता माझ्यासोबत काम करते. तिनं महारेराची परीक्षा दिली आहे. तिनं स्वतः जमवलेला पहिला सौदा विरुळच्या बाजूच्या दीड एकराचा आहे. विकणाऱ्या काकू एकट्या आहेत, घेणारा गावचाच आहे, आणि मधल्या धुऱ्यावर शेजाऱ्याचा जुना वाद आहे, म्हणून आधी मोजणी करून घ्यायची असं तिनंच सुचवलं. मोजणीची तारीख लागली आहे. लगतच्या खातेदारांना नोटिसा पोचल्या का, हे बघायला ती आज सकाळीच गाडी घेऊन गेली.